निराधाराचा पगार आणि महिन्याची औषधे : सिद्धेश्वर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगाला परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वर अशी पूर्णा प्रकल्पाची ही जोडी १९६८ पर्यंत पूर्ण झाली. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात या प्रकल्पाची नोंद सिंचन, ऊस आणि वीज या अंगांनी घेतली जाते. धरणाची माती उपसली जात होती तेव्हा जी पिढी ऐन उमेदीत होती, ती आज ऐंशीच्या घरात किंवा तिच्याही पुढे आहे. या पिढीतील भूमिहीन आणि अल्पभूधारक माणसांचे सारे आयुष्य रोजंदारीवर गेले. १९७२ च्या दुष्काळात हीच माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर ना भविष्यनिर्वाह निधी आहे, ना निवृत्तिवेतन. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी मात्र रोज लागते. २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी वृद्धत्वविषयक पाहणीत साठ वर्षांवरील सुमारे ३२ टक्के व्यक्तींनी आपल्याला रक्तदाबाचा विकार असल्याचे सांगितले होते.

या रोजच्या गोळीचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाला शासनाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला पाच तालुक्यांचा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. राज्यभर लागू असलेल्या योजना अशा ग्रामीण जिल्ह्यात कोठवर पोहोचतात, हे पाहण्यासाठी सिद्धेश्वर परिसराचा संदर्भ उपयुक्त ठरतो.

दवाखान्याची परंपरा

मराठवाड्यात रुग्णालयाला आजही सर्रास ‘दवाखाना’ म्हणतात. हा शब्द फारसी वळणाचा आहे आणि तो केवळ भाषिक अवशेष नव्हे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात ॲलोपॅथी आणि युनानी अशा दोन्ही पद्धतींचे सरकारी दवाखाने होते. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि छावणीबरोबर पाश्चात्त्य वैद्यकही या भागात आले. तथापि ही व्यवस्था प्रामुख्याने ठाण्याच्या गावांपुरती होती. पूर्णाकाठच्या खेड्यात म्हातारपणीचे आजारपण हे घरगुती काढे, वैद्य-हकीम आणि दैव यांच्याच हवाली असे.

१९४६ मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व मांडले. समितीचे कार्यक्षेत्र ब्रिटिश हिंदुस्थानापुरते असल्याने संस्थानी मुलूख तिच्या कक्षेबाहेर होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा भारतीय संघराज्यात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना येथे रुजली ती या स्थित्यंतरांनंतर.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. ग्रामीण रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे राहिले. ही विभागणी कागदावर सोपी वाटते. परंतु हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञाने सुरू केलेली गोळी गावाजवळच्या केंद्राच्या साठ्यात असेलच, याची हमी या विभागणीत नाही. ताप, जुलाब, कुटुंबकल्याण आणि लसीकरण यांसाठी उभारलेल्या यंत्रणेला आयुष्यभर चालणाऱ्या औषधाची सवय पुष्कळ उशिरा लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ठरावीक औषधांचा क्रम आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, ही पद्धत प्रथमच काटेकोरपणे आखली गेली. महाराष्ट्रात आरंभी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे त्यासाठी निवडले होते. मराठवाड्यातील एकही जिल्हा त्यांत नव्हता.

किमतीचे नियंत्रण

दवाखान्यात औषध न मिळाल्यास रुग्ण ‘मेडिकल’ची पायरी चढतो. तेथे त्याचा संबंध येतो तो किंमत-नियंत्रणाच्या इतिहासाशी. चीन युद्धाच्या काळात, १९६२-६३ मध्ये, औषधांच्या किमती प्रथम गोठविण्यात आल्या. १९७० चा औषध किंमत नियंत्रण आदेश आणि २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आलेला पेटंट कायदा यांनी स्वस्त भारतीय औषधाचा पाया घातला. औषधाच्या रेणूला नव्हे तर त्याच्या निर्मितिप्रक्रियेला पेटंट, या एका तरतुदीने देशी कंपन्यांना वाट मोकळी करून दिली. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना त्याच धोरणाच्या आधीचा टप्पा होय. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीने आवश्यक अशा ११७ औषधांची यादी दिली आणि व्यापारी नावांऐवजी मूळ नावे वापरण्याचा आग्रह धरला.

पुढील काळात नियंत्रणाची कक्षा आक्रसत गेली. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ मूळ औषधे होती, १९८७ मध्ये १४२ राहिली आणि १९९५ मध्ये ७४. २०१३ च्या आदेशाने राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीला आधार मानून व्याप्ती पुन्हा वाढविली. मात्र उत्पादनखर्चाऐवजी बाजारातील सरासरी किंमत हा निकष स्वीकारला. कमाल किंमत दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडली गेली. त्यानुसार एप्रिल २०२२ मध्ये १०.७ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१ टक्के वाढीला मुभा मिळाली. हा आकडा पुढील विवेचनात पुन्हा लागणार आहे.

२५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसर येथे पहिले जनऔषधी दुकान उघडले. व्यापारी नावाच्या औषधापेक्षा निम्म्याहून कमी दरात तीच औषधे देणारी ही कल्पना हाथी समितीच्या आग्रहाचे उशिरा आलेले फळ म्हणावे लागेल. देशात अशा केंद्रांची संख्या २०२३ च्या अखेरीस दहा हजारांवर गेली. परंतु ती शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी अधिक आहेत. खेड्यातील वृद्ध सुट्या गोळ्या घेतो. कधी पाच दिवसांच्या, कधी हाती पैसे येतील तशा. चिठ्ठीवर व्यापारी नाव असले की दुकानदार तेच देतो. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये डॉक्टरांनी मूळ नावे सुवाच्य अक्षरांत लिहावीत असा नियम केला, पण त्याचे पालन किती होते हे कोणत्याही तालुक्यातील चार चिठ्ठ्या पाहून ध्यानात येईल.

पगाराचा हिशेब

निराधारांना मिळणाऱ्या अर्थसाहाय्याला मराठवाड्यात ‘पगार’ म्हणतात. ज्यांना उभ्या आयुष्यात पगार मिळाला नाही, त्यांनी हा शब्द वापरावा यात एक विलक्षण औचित्य आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये आली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राने ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा ७५ रुपये देण्यास प्रारंभ केला. २००० पासून पेन्शन न मिळणाऱ्या पात्र वृद्धांसाठी अन्नपूर्णा योजनेखाली दरमहा दहा किलो धान्य सुरू झाले. येथे शासनाच्या दृष्टीतील वृद्धाचे चित्र स्पष्ट होते. तो भुकेला आहे हे शासनाने मान्य केले, आजारी आहे हे मान्य केले नाही.

केंद्राचा हिस्सा २००६ मध्ये २०० रुपये झाला. ऐंशी वर्षांखालील लाभार्थ्यांसाठी तो त्यानंतर वाढलेला नाही. वरची भर राज्याने श्रावणबाळ योजनेतून घातली. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, ही अट घालून दिलेली एकूण रक्कम दीर्घकाळ ६०० रुपये होती. २०१९ मध्ये ती १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. औषधाची किंमत निर्देशांकाबरोबर दर एप्रिलला आपोआप वर सरकते, तर पगार वाढण्यासाठी अर्थसंकल्पातील घोषणेची वाट पाहावी लागते. दोन्ही निर्णय शासनाचेच आहेत. दोहोंच्या गती वेगळ्या ठेवण्यामागे काही विचार होता असे दिसत नाही. बहुधा दोन विभागांनी एकमेकांकडे पाहिलेच नाही.

महिन्याच्या औषधाचा खर्च हा स्वतंत्र खर्च आहे, ही जाणीव शासनाला नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या केंद्रीय आरोग्य योजनेतून सरकारी नोकरांना, आणि कालांतराने निवृत्तांनाही, नियमित औषधे मिळत आली. जेथे अशी सोय नाही तेथील केंद्रीय निवृत्तांना बाह्यरुग्ण उपचारांसाठी डिसेंबर १९९७ पासून दरमहा १०० रुपये स्थिर वैद्यकीय भत्ता मिळू लागला आणि २०१७ मध्ये तो १,००० रुपये झाला. त्याच वर्षी सिद्धेश्वर परिसरातील निराधार वृद्धेचा जेवण, कपडे, औषधे अशा सगळ्यांसाठीचा पगार ६०० रुपये होता. या दोन आकड्यांची तुलना निवृत्त कर्मचाऱ्यांच्या हक्कावर बोट ठेवण्यासाठी नाही. गोळीचा खर्च मोजता येतो आणि देता येतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

शस्त्रक्रियेला पैसे, गोळीला नाहीत

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा नांदेड पहिल्या टप्प्यात होता, हिंगोली नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू आहे. हृदयावरील शस्त्रक्रियेचा मोठा खर्च गरिबाच्या डोक्यावरून उतरविण्याचे श्रेय तिला निःसंशय द्यावे लागते. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. घरी गेल्यावर काही दिवसांची औषधे मिळतात, त्यानंतरची गोळी ज्याची त्याने घ्यावयाची. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, पाच लाखांचे संरक्षण दिले. त्याचेही स्वरूप हेच. रक्तदाबाची गोळी थांबल्यामुळे पक्षाघात झाला तर त्या रुग्णाचा खर्च योजना उचलते, पक्षाघात टाळणारी गोळी मात्र तिच्या बाहेर राहते.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आली, पण घरी घ्यावयाच्या औषधांचा सर्वसाधारण समावेश व्हायला १ जानेवारी २००६ उजाडला. त्या वेळी अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी वेगळे साहाय्यही ठेवले गेले. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये औषधचिठ्ठीवरील शुल्क पुन्हा लावताना वृद्धांना त्यातून वगळले होते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ मध्ये निर्वाहाच्या व्याख्येत वैद्यकीय उपचार आहेत. ते देण्याचे कर्तव्य मुलांचे. शासकीय रुग्णालयांकडून कायदा खाटा, वेगळी रांग आणि दीर्घकालीन आजारांवरील उपचारांची सोय यांची अपेक्षा करतो. औषधाच्या किमतीबद्दल तो बोलत नाही. ऊसतोडीला गेलेल्या मुलाकडून निर्वाहखर्च मिळावा म्हणून त्याच्या आईने उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा, ही अपेक्षा कितपत व्यवहार्य आहे, हा प्रश्न वेगळा.

२०२३ चा निर्णय

या पार्श्वभूमीवर १५ ऑगस्ट २०२३ पासून अंमलात आलेला राज्याचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सर्व संस्थांत केसपेपरसह उपचार निःशुल्क झाले आणि रुग्णाला बाहेरून औषधे आणावयास सांगू नये, असे बजावण्यात आले. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालये त्यात नव्हती. भोर समितीचे तत्त्व प्रत्यक्षात उतरविण्याचा हा राज्यातील सर्वांत थेट प्रयत्न होय. तथापि शुल्क रद्द करणे आणि कपाटात औषध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारले आणि राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली, ती अशीच खरेदीव्यवस्था लावून. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे सोपविली, आणि वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये. निःशुल्क सेवेच्या निर्णयाला दोन महिनेही झाले नव्हते तोच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत १२ नवजात बालकांसह २४ रुग्ण दगावले. औषधटंचाईचा आरोप झाला, रुग्णालय प्रशासनाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

गोळी मिळविण्याच्या खर्चात प्रवासाचाही भाग असतो, हे आरोग्य विभागाच्या कागदपत्रांत क्वचितच दिसते. त्याची दखल अनाहूतपणे घेतली ती राज्य परिवहन महामंडळाने. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहेच. ही सवलत आरोग्यासाठी दिलेली नव्हती. परंतु रुग्णालयातील मोफत गोळी आणि शहरातील स्वस्त गोळी या दोहोंपर्यंत खेड्यातील म्हातारे माणूस पोहोचते ते याच गाडीने, आणि ती गाडी गावच्या थांब्यावर वेळेवर आली तरच.