स्टेशनरी आणि स्टेशनरी

परवा ऑफिसातून येताना रिफिल घ्यायला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात थांबलो. पाटीवर मराठीत 'झेरॉक्स व स्टेशनरी', खाली तेच इंग्रजीत. आणि इंग्रजीत शेवटून तिसरं अक्षर 'ई' हवं तिथे चक्क 'ए' रंगवलेलं. म्हणजे दुकानात कागद-पेन नाही, 'एका जागी स्थिर' असं काहीतरी मिळतं! मनातल्या मनात हसलो. शाळेत बाईंनी घोकून घेतलं होतं, पाकीट म्हणजे एन्व्हलप, त्याचं पहिलं अक्षर 'ई', म्हणून कागदवाली स्टेशनरी 'ई'ची. मराठी पाटीला ही कटकटच नाही :)

शनिवारी डिक्शनरी उघडली आणि हसू आवरलं. हे दोन्ही शब्द सख्खे भाऊ निघाले.

लॅटिनमध्ये 'स्तातिओ' म्हणजे उभं राहायची जागा, ठाणं. रेल्वेचं स्टेशनही त्यातलंच. मध्ययुगातले बरेच विक्रेते पाठीवर गाठोडं घेऊन जत्रा-बाजार हिंडायचे. ज्याचं दुकान एका जागी, तो 'स्तातिओनारिउस'. हे नाव चिकटलं ते मुख्यतः विद्यापीठांजवळच्या पुस्तकवाल्यांना. पॅरिस, बोलोन्याला हा गृहस्थ ग्रंथाची तपासलेली प्रत सुट्ट्या भागांत ठेवायचा. एक भाग भाड्याने न्यायचा, उतरवून घ्यायचा, परत करून पुढचा न्यायचा. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या नकला अनेक जण एकाच वेळी करू शकत. त्या भागाचं नाव 'पेकिया', म्हणजे इंग्रजी 'पीस'चा नातेवाईक. बिटटॉरेंट वापरलेल्यांना पुढचं सांगायला नको, तिथेही फाइलच्या तुकड्याला पीसच म्हणतात! भाड्याचे दर मात्र विद्यापीठाच्या ताब्यात.

लंडनमध्ये या एका जागी बसणाऱ्यांनी 1403 मध्ये आपला संघ केला. लेखनिक, चित्रं रंगवणारे, बांधणीवाले, विक्रेते, सगळे त्यात. 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना आणला, आणि 1557 मध्ये राणी मेरीच्या काळात या स्टेशनर्स कंपनीला सनद मिळाली. काही अपवाद सोडले तर छपाई फक्त सभासदांनी करायची. शिवाय धाड घालून बेकायदा पुस्तकं जप्त करायचा अधिकार! सरकारला लिखाणावर नजर हवी होती, यांना धंदा हवा होता. दोघांचं छान जमलं.

राहिला लेखक. हस्तलिखित विकलं की त्याचा विषय संपला. कंपनीच्या वहीत पुस्तक ज्याच्या नावावर चढलं, छापायचा हक्क त्याचा, आणि वहीत नाव सभासदाचंच. 1695 मध्ये परवान्याचा कायदा नूतनीकरणाविना संपला, आणि 1710 मध्ये राणी अ‍ॅनच्या कायद्याने प्रथमच हक्क लेखकाला दिला. 14 वर्षं, आणि तेव्हा लेखक जिवंत असेल तर आणखी 14. नोंद मात्र त्याच वहीत! ती भानगड 1911 च्या कायद्याने संपवली. आम्ही प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटची ओळ टाकतो, तिचा उगम इतका मागे आहे. (ती ओळही कंपनीच्याच नावाची असते म्हणा.)

दरम्यान पुस्तकं छापणारे-विकणारे हळूहळू वेगळे झाले, आणि 'स्टेशनर'कडे कागद, शाई, लेखण्या उरल्या. बेकरची बेकरी तशी स्टेशनरची स्टेशनरी, म्हणून तिथे 'ई'. स्थिर अर्थाच्या विशेषणात लॅटिनचा 'ए' तसाच राहिला. थोडक्यात, पाटीवरचा 'ए' आजच्या हिशेबाने चूक, पण जुन्या 'स्तातिओनारिउस'च्या स्पेलिंगमध्ये तोच आहे.

आज पुन्हा गेलो, रिफिल आली होती. दुकानातले काका मी शाळेत होतो तेव्हापासून त्याच स्टुलावर बसलेले आहेत. पाटीबद्दल काही बोललो नाही.