तैनाती फौजेची किंमत

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने पुणे सोडले, कोकण गाठले आणि तिथून इंग्रजांच्या जहाजाने तो वसईला पोचला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या या वसईतच ३१ डिसेंबरला पेशव्याने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला.

तहाची कलमे नीट वाचली पाहिजेत. कंपनीचे किमान सहा हजार कवायती शिपाई आणि तोफखाना, म्हणजेच तैनाती फौज, पेशव्यांच्या राज्यात कायमची राहणार. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांचे युरोपीय लोक चाकरीत ठेवायचे नाहीत. कंपनीला विचारल्याशिवाय युद्ध करायचे नाही, परराज्याशी बोलणीही करायची नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याकडे असलेल्या पेशव्यांच्या येण्याचा निवाडाही कंपनीच करणार.

खरी मेख पैशाच्या कलमात होती. फौजेच्या खर्चासाठी पेशव्याने वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. रोख रक्कम थकू शकते; मुलूख एकदा गेला की त्याचा वसूल कंपनीच्याच खजिन्यात जमा होतो. राज्याचे उत्पन्न घटले, तशी स्वतःची फौज उभी करण्याची ताकदही घटली.

१३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजांच्या पाठबळावर पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. हा तह शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना मान्य नव्हता. ते इंग्रजांशी लढले आणि त्याच वर्षी असई आणि अडगावला त्यांचा पराभव झाला. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, बंगला होता, आणि १८११ पासून रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिथून दरबारावर नजर ठेवून होता. जून १८१७ च्या पुणे करारात पेशव्याला मराठा मंडळाचे प्रमुखपदही सोडावे लागले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई पेटली, तेव्हा मराठ्यांनी संगमावरचा तो बंगला जाळला. पण तोवर फार उशीर झाला होता. ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रज सेनाधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांच्या सालीना तनख्यावर बिठूरला गेला.

बाजीराव लढला म्हणून त्याचे राज्य बुडाले, असे म्हणावे तर हैदराबादकडे पाहावे. निजामाने १७९८ मध्येच फ्रेंचांच्या हाताखालच्या पलटणी मोडून तैनाती फौज स्वीकारली आणि पुढे इंग्रजांशी कधी लढाई केली नाही. तरीही रेसिडेंटच्या हुकमतीखालच्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च त्याच्या माथी बसला, कर्ज साचले आणि १८५३ मध्ये त्याला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. अयोध्येच्या नवाबाने १८०१ मध्ये जवळपास अर्धे राज्य इंग्रजांना दिले; उरलेले १८५६ मध्ये गैरकारभाराचे कारण दाखवून खालसा झाले.

वऱ्हाड निजामाला परत मिळालेच नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या काळात वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात ते इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेले.