मनोरुग्ण-साहाय्य, कुटुंबाधारित

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता व तत्सम चिवट मनोविकारांनी ग्रस्त व्यक्तीस इस्पितळाबाहेर, घरात व नित्याच्या व्यवहारात पुन्हा उभे राहता यावे, म्हणून औषधांच्या जोडीस तिच्या आप्तांना शिक्षण व आधार देण्याची जी तजवीज केली जाते ती. महाराष्ट्रातील स्वमदत गटांत अशा व्यक्तीस ‘शुभार्थी’ व तिचा सांभाळ करणाऱ्या आप्तास ‘शुभंकर’ म्हणतात.

भारतात या पद्धतीचा आरंभ अमृतसरच्या सरकारी मनोरुग्णालयात झाला असे मानतात. रुग्णाला दारात सोडावे आणि नातलगांनी माघारी फिरावे, हा सर्वत्र रूढ असलेला शिरस्ता बाजूस सारून तेथील प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारातच तंबू ठोकविले आणि कुटुंबीयांना रुग्णासमवेत ठेवून घेतले. आजार म्हणजे काय हे त्यांना डोळ्यांदेखत उमगे, आणि बरा होऊ लागलेला माणूस घरच्यांना परका होत नसे. पाश्चात्त्य देशांत कुटुंबाकडे अद्याप संशयाने पाहिले जात असताना हे घडले, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन प्रभृतींच्या अभ्यासातून असे दिसू लागले की, ज्या घरी अखंड टीका, वैर किंवा अतिरेकी काळजी असते, तेथे परतलेल्या रुग्णाचा आजार अधिक वेळा उलटतो. यावरून आईबापांच्या माथी रोगाचेच खापर फोडणारे काही निघाले. तो अनर्थ होय; घरातील ताण आजाराच्या उलटण्याशी निगडित आहे, एवढाच त्या अभ्यासाचा इत्यर्थ. म्हणून टोमण्यांऐवजी लहान, स्पष्ट वाक्यांत बोलणे, एका वेळी एकच काम सांगणे, झोप उडणे किंवा संशय बळावणे अशी पूर्वचिन्हे ओळखणे, हे शुभंकरांस शिकविले जाते. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे संस्थापक व कॅल्गरी येथील संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी हे स्वतःच शुभंकर होते. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा विषय मराठी प्रेक्षकांपुढे आणला.

गोवा, सातारा व तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते वर्षभर घरोघर जाऊन औषधे नियमित घेतली जावीत, दिनक्रम बसावा व कामधंद्याची वाट निघावी यासाठी झटत. केवळ दवाखान्यात येणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांची लक्षणे व अक्षमता कमी झाली, परंतु माफकच. समाजाकडून होणाऱ्या अवहेलनेच्या अनुभवात लक्षणीय फरक पडला नाही. घरभेटींनी शेजाऱ्यांची नजर बदलतेच असे नाही, हे त्यातून दिसते. खर्चही वाढला. जेथे मानसोपचारतज्ज्ञ दुर्मिळ आहेत अशा ग्रामीण मुलखात ही योजना प्रथम राबवावी, अशी शिफारस संशोधकांनी केली.