गुणवत्तेचा बागुलबुवा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नर्स

"गुणवत्ता घसरेल" हे ऐकतच आमच्या पिढ्या कॉलेजात गेल्या. आरक्षणाचा विषय निघाला की समोरचा हमखास विचारतो, कोट्यातल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्याल का? दक्षिण आफ्रिकेत हीच भीती नर्सच्या बाबतीत घातली गेली. पण तिथे ती नुसती चघळत न बसता तपासून पाहिली गेली. आपल्या तरुणांनी हा इतिहास वाचलाच पाहिजे.

२००० च्या सुमारास तिथे लाखो लोकांना एचआयव्हीची लागण झाली होती. त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब. औषधे होती, पण एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने तोच तीन औषधांचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी मात्र एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत बसले होते. शेवटी ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही रुग्णांची चळवळ संविधान हातात घेऊन कोर्टात गेली. ५ जुलै २००२ ला तिथल्या संविधान न्यायालयाने गरोदर मातांना नेव्हिरापिन द्या, असा सरकारला आदेश दिला. २००३ च्या अखेरीस सरकारी दवाखान्यांतून मोफत उपचाराची योजना मंजूर झाली.

औषध आले. पण ते लिहून देणार कोण? डॉक्टर शहरात, रुग्ण खेड्यात.

ईस्टर्न केप प्रांतातले लुसिकिसिकी घ्या. वर्णद्वेषी राजवटीने काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या ट्रान्सकाय भागातला हा गरीब इलाखा. एक हॉस्पिटल, बारा छोटे दवाखाने, आणि दवाखान्यांत फक्त नर्स. २००३ पासून 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने स्थानिक आरोग्य खात्यासोबत या नर्सना प्रशिक्षण दिले. डॉक्टर फिरतीवर येई. रोजची तपासणी, गोळ्या, दुष्परिणामांवर लक्ष हे सारे नर्सकडे आणि गावातल्याच समुपदेशकांकडे. तीन वर्षांत दोन हजारांहून जास्त लोक उपचारावर आले. उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण हॉस्पिटलपेक्षा या दवाखान्यांत कमी निघाले. कारण साधे आहे. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि नर्स ओळखीची होती.

तरी पहिली चिठ्ठी डॉक्टरचीच, हा नियम देशभर चालूच राहिला. सहीची वाट बघत माणसे मेली. ज्ञान आणि अधिकार एका वर्गाच्या मुठीत ठेवले की काय होते, हे आम्हाला कुणी वेगळे सांगायला नको.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने धोरण बदलले आणि प्रशिक्षित नर्सना उपचार सुरू करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये केपटाउन आणि जोहान्सबर्गमधला एक अभ्यास छापून आला. ८१२ रुग्ण, काही डॉक्टरच्या देखरेखीखाली, काही नर्सच्या. नर्सची देखरेख कुठेही कमी पडली नव्हती. २०१२ मध्ये फ्री स्टेट प्रांतातल्या ३१ दवाखान्यांचा अभ्यास आला. तिथे नर्सनी उपचार सुरूसुद्धा केले होते, आणि एकंदर मृत्यू वाढले नव्हते. मग कुठे गेली ती घसरलेली गुणवत्ता? २०१० च्या सुरुवातीला असे प्रशिक्षण घेतलेल्या नर्स अडीचशेच्या आसपास होत्या. तीनेक वर्षांत त्या सुमारे २३,००० झाल्या.

यात एक गोष्ट आम्हाला खटकते, ती लपवणार नाही. जबाबदारी नर्सच्या गळ्यात पडली, पण पगार आणि मनुष्यबळ त्या प्रमाणात वाढले नाही. दवाखान्यासमोरची रांग लांबली, थकवा वाढला, अशा तक्रारी तिथल्या नर्स सातत्याने करत आल्या आहेत. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली एएनएम, जीएनएम करून कंत्राटावर राबताहेत. त्यांना या तक्रारींचा अर्थ लगेच कळेल.