केडगावची पेरणी

पेरावे तसे उगवते, हे आपल्या कुणब्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात या नियमाला, सुगी येईतो सत्कर्माचा कंटाळा न करण्याच्या उपदेशाची जी जोड दिली, तिचे आचरण पुणे जिल्ह्यातील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जितक्या निष्ठेने झाले, तितके क्वचितच कोठे झाले असेल. १८८९ साली मुंबईत शारदासदन स्थापून पुढे ते पुण्यास नेणाऱ्या रमाबाईंनी केडगावची जमीन घेतली, ती संस्थेस उत्पन्नाचा आधार व्हावा म्हणून. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून निराधार मुली व विधवा शेकड्यांनी आणल्या, तेव्हा त्याच भूमीवर विहिरी खोदल्या गेल्या, मळे उभे राहिले, आणि अन्नाला मोताद झालेले हात माग, तेलघाणा व छापखाना चालवू लागले. एकेकाळी अक्षरओळखही नसलेल्या स्त्रिया तेथे शिशाचे खिळे एकेक करून जुळवीत, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे सुगम भाषांतर त्यांच्या हातून छापले जाई. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२४ साली. पेरणाऱ्याने सर्व पीक डोळ्यांनी पाहावेच, असा दंडक सृष्टीत नाही. म्हणूनच त्या ग्रंथाहूनही, तो स्वकष्टाने सिद्ध करणाऱ्या स्वावलंबी स्त्रिया हीच रमाबाईंची खरी सुगी मानणे न्याय्य होय.