टर्बोभारित सर्वचक्रचालित मोटरगाड्या व इंधनाची काटकसर

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंनी टरबाइन फिरवून, त्याच दंडावर बसविलेल्या संपीडकाच्या साहाय्याने सिलिंडरांत वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाने हवा भरण्याच्या पद्धतीला टर्बोभरण म्हणतात. एंजिनाची शक्ती केवळ पुढील किंवा मागील दोन चाकांना न देता चारही चाकांना देण्याच्या व्यवस्थेला सर्वचक्र चालन म्हणतात. या दोन योजनांचा उगम व विकास स्वतंत्रपणे झाला. १९८० मध्ये आउडी क्वात्रो या गाडीत त्या एकत्र आल्या आणि पुढील सु. पंचवीस वर्षांत यूरोप व जपानमध्ये अशा पेट्रोल गाड्यांचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला. एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चालणारे टर्बोभरण इंधनाची बचत करील, अशी अपेक्षा त्या काळी होती. प्रत्यक्षात मात्र या वर्गातील जुन्या गाड्या जास्त इंधन लागणाऱ्या म्हणूनच ओळखल्या गेल्या. या विसंगतीची कारणे एंजिनाची रचना, शक्तीचे प्रेषण, शर्यतींचे नियम व चालविण्याची पद्धत अशा अनेक गोष्टींत आढळतात.

टर्बोभरणाचा पूर्वेतिहास : स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये निष्कास वायूंवर चालणाऱ्या संपीडकाच्या कल्पनेचे एकस्व मिळविले. इंधनातील सु. एक तृतीयांश ऊर्जा निष्कास वायूंबरोबर निघून जाते व तिचा काही भाग परत मिळविता येईल, हा त्यांचा मूळ विचार होता. तो व्यवहारात येण्यास दोन दशके लागली. १९२५-२६ च्या सुमारास ‘प्रॉइसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिख’ या जर्मन प्रवासी जहाजांतील डीझेल एंजिनांची शक्ती टर्बोभरणामुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील सु. ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर विमानाच्या एंजिनाची चाचणी घेऊन, विरळ हवेतही एंजिनाची समुद्रसपाटीवरील शक्ती टिकविता येते, हे दाखवून दिले.

प्रवासी मोटरगाडीत टर्बोभरण आले ते १९६२ मध्ये, ओल्ड्समोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाड्यांबरोबर. जेटफायरच्या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०·२५ : १ इतके ठेवलेले असल्याने मिश्रण आपोआप पेटू नये म्हणून त्यात पाणी व अल्कोहॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. या द्रवाची टाकी वेळोवेळी भरण्याकडे अनेक मालकांचे दुर्लक्ष होई. ती रिकामी झाली की, भरणदाब कमी होऊन टर्बोभरणाचा लाभ नाहीसा होई. या गाडीचे उत्पादन १९६३ मध्येच थांबले. त्यानंतरच्या निर्मात्यांनी संपीडन गुणोत्तरच कमी करण्याचा सोपा, पण इंधनाच्या दृष्टीने महाग मार्ग पत्करला. सप्टेंबर १९७३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बो या गाडीचे संपीडन गुणोत्तर केवळ ६·९ : १ होते. पुढच्याच महिन्यात अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले. पेट्रोल महाग व दुर्मिळ झालेल्या त्या काळात या गाडीला ग्राहक मिळेनात आणि एकूण १,६७२ गाड्यांनंतर तिचे उत्पादन बंद झाले.

तेलटंचाई आणि काटकसरीची अपेक्षा : तेलटंचाईने टर्बोभरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अमेरिकेने १९७५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार प्रत्येक निर्मात्याच्या गाड्यांनी सरासरीने १९७८ मध्ये प्रति लिटर सु. ७·६ किमी. व १९८५ मध्ये सु. ११·७ किमी. अंतर कापणे आवश्यक ठरले. लहान एंजिन बसवावे, एरवी ते थोड्या इंधनावर चालावे आणि गरज पडेल तेव्हाच टर्बोभरणाने मोठ्या एंजिनाची शक्ती द्यावी, असा विचार पुढे आला. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये सादर केलेल्या ९९ टर्बो या गाडीत लहान टरबाइन वापरून, तसेच जादा वायू टरबाइनाला वळसा देऊन सोडणारी झडप बसवून, कमी वेगातही उपयोगी पडणारे टर्बोभरण साधले होते. मर्सिडीझ-बेंझ कंपनीने अमेरिकन बाजारासाठी आणलेली १९७८ ची ३०० एसडी ही टर्बोभारित डीझेल गाडी तर याच कायद्याच्या पूर्ततेसाठी होती.

सर्वचक्र चालनाशी संयोग : चारही चाकांना शक्ती देणारी स्पायकर ही डच गाडी १९०३ मध्येच तयार झाली होती. ब्रिटनमधील जेन्सन एफएफ (१९६६) व जपानमधील सुबारू लिओनी (१९७२) या त्यानंतरच्या उल्लेखनीय गाड्या होत. तथापि सर्वचक्र चालन मुख्यतः लष्करी व शेतीच्या कामाच्या वाहनांपुरतेच राहिले. कारण त्यासाठी लागणारी जादा दंतचक्रपेटी जड असे व आवाज करी.

आउडी कंपनीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांना या रचनेची कल्पना हिवाळी चाचण्यांत सुचली. फोक्सवॅगन इल्टिस हे लष्करी वाहन केवळ ७५ अश्वशक्तीचे असूनही बर्फावर अधिक शक्तिमान गाड्यांना मागे टाकीत असल्याचे त्यांना आढळले. त्यातून १९७७ मध्ये काम सुरू झाले आणि मार्च १९८० मध्ये जिनीव्हा येथील प्रदर्शनात क्वात्रो ही गाडी मांडण्यात आली. तिचे पाच सिलिंडरांचे, २,१४४ घ. सेंमी.चे टर्बोभारित एंजिन २०० अश्वशक्ती देई. गिअरपेटीतील एक दंड पोकळ करून त्याच्या आतून पुढील चाकांकडे व त्याच्या मागील टोकाकडून मागील चाकांकडे शक्ती नेली होती. त्यामुळे वेगळी जड पेटी टळली आणि घर्षण व वजन दोन्ही कमी झाले. सर्वचक्र चालन रोजच्या वापरात परवडणारे झाले ते मुख्यतः या युक्तीमुळे.

आउडीने १९८२ व १९८४ मध्ये जागतिक रॅली स्पर्धेतील निर्मात्यांचे विजेतेपद मिळविले. १९८६ च्या भीषण अपघातांनंतर ‘ब’ गटातील गाड्या बंद झाल्या आणि १९८७ पासून ‘अ’ गटाला प्राधान्य मिळाले. या गटात भाग घेण्यासाठी त्या प्रकारच्या ५,००० गाड्या बारा महिन्यांत तयार कराव्या लागत. परिणामी शर्यतीसाठी आखलेली यंत्रणा सामान्य ग्राहकाच्या हाती आली. लान्चा डेल्टा इंतेग्राले, टोयोटा सेलिका जीटी-फोर, मित्सुबिशी गॅलंट व्हीआर-४, सुबारू लेगसी आरएस आणि १९९२ मधील सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स व मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ही तिची ठळक उदाहरणे होत. या गाड्यांची एंजिने काटकसरीसाठी नव्हे, तर उच्च भरणदाब सहन करण्यासाठी आखलेली होती. लहान एंजिनाने मोठ्याची जागा घ्यावी, ही तेलटंचाईच्या काळातील कल्पना येथे मागे पडली. लहान एंजिन राहिले. पण त्याच्याकडून मोठ्याहूनही अधिक शक्तीची मागणी होऊ लागली.

इंधन जास्त लागण्याची कारणे : (१) कमी संपीडन गुणोत्तर : आधीच दाबलेली व तापलेली हवा सिलिंडरात पुन्हा दाबली गेली की, ज्वाला पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटून एंजिनात ठोके पडू लागतात. ते टाळण्यासाठी संपीडन गुणोत्तर कमी ठेवतात. सुरुवातीच्या क्वात्रोमध्ये ते ७ : १ होते. आदर्श आवर्तनाच्या गणितानुसार १० : १ गुणोत्तराला सु. ६० टक्के, तर ७ : १ गुणोत्तराला सु. ५४ टक्के कार्यक्षमता मिळते. प्रत्यक्ष एंजिनाची कार्यक्षमता याहून बरीच कमी असते. परंतु दोहोंतील सु. एक दशांशाची तफावत बहुतांशी कायम राहते. विशेष म्हणजे ही हानी टर्बोभरण कार्य करीत नसतानाही, म्हणजे शहरातील संथ वाहतुकीतही सोसावी लागते.

(२) समृद्ध मिश्रण : पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सु. १४·७ भाग हवेला एक भाग इंधन लागते. पूर्ण भारावर निष्कास वायूंचे तापमान ९००° से.च्या वर जाते. टरबाइन व झडपा यांचे रक्षण करण्यासाठी अशा वेळी जादा पेट्रोल फवारून ज्वलन थंड ठेवीत. मिश्रणाचे प्रमाण ११ : १ पर्यंत खाली आणल्यास तेवढ्याच हवेला सु. एक तृतीयांश अधिक इंधन लागते. हे इंधन गाडी पुढे नेण्यासाठी नव्हे, तर केवळ शीतनासाठी खर्च होते.

(३) प्रेषण व वजन : सर्वचक्र चालनात मागील आसापर्यंत जाणारा दंड, दुसरा डिफरेन्शियल व बहुधा मध्यवर्ती डिफरेन्शियल यांची भर पडते. दंतचक्रांचे घर्षण व त्यांनी घुसळलेले घट्ट तेल यांत शक्ती सतत खर्च होते. रस्ता कोरडा असला आणि चार चाकांच्या पकडीची गरज नसली, तरी हा खर्च टळत नाही. वाढलेल्या वजनाचा भार दर वेळी वेग वाढविताना व चढावर जाणवतो.

(४) चालविण्याची पद्धत : टर्बोभरणाचा जोर काहीसा उशिरा मिळत असल्याने चालक एंजिन जास्त फेऱ्यांवर ठेवू पाहतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्तिमान गाडी वेगाने हाकणाऱ्याला तिच्या शक्तीची पुरेपूर किंमत मोजावी लागते.

घोषित व प्रत्यक्ष आकडे : यूरोपीय आर्थिक समुदायाच्या १९८० च्या निर्देशानुसार इंधनव्यय ताशी ९० किमी., ताशी १२० किमी. व शहरी वाहतूक अशा तीन परिस्थितींत मोजला जाई. ताशी ९० किमी. या स्थिर वेगाला २०० अश्वशक्तीच्या गाडीस तिच्या शक्तीचा अल्पसा भागच लागतो. भरणदाब जवळजवळ नसतो आणि मिश्रणही समृद्ध नसते. त्यामुळे हा आकडा चांगला येई व रस्त्यावरील अनुभव त्याहून बराच वेगळा असे. अमेरिकेत १९८५ पासून प्रयोगशाळेतील आकड्यांतून शहरासाठी १० व महामार्गासाठी २२ टक्के वजावट करण्यात येऊ लागली. २००८ च्या गाड्यांपासून अधिक वेग, तीव्र प्रवेग, वातानुकूलन व थंड हवामान यांच्या चाचण्याही विचारात घेतल्या गेल्या. यूरोपात २०१७ पासून नवी, अधिक वास्तव चाचणी लागू झाली. यामुळे जुन्या गाडीचा मूळ घोषित आकडा नव्या गाडीच्या आकड्याशी सरळ ताडून पाहणे योग्य ठरत नाही.

भारतात इंधनव्यय प्रति लिटर किलोमीटरमध्ये, तर यूरोपात प्रति १०० किमी. लिटरमध्ये सांगतात. दुसऱ्या पद्धतीत बचतीचे खरे मोल कळते. प्रति लिटर ८ किमी. जाणारी गाडी ९ किमी. जाऊ लागली, तर १०० किमी.मागे सु. १·४ लिटर वाचतात. १६ वरून १७ किमी.पर्यंत सुधारणा झाल्यास केवळ ०·४ लिटरच्या आसपास वाचतात. म्हणून जास्त इंधन लागणाऱ्या जुन्या गाडीतील छोटी सुधारणाही नगण्य नसते.

जुन्या गाड्यांतील वाढता इंधनव्यय : वय वाढेल तशी मूळ दोषांत नव्यांची भर पडते. हवा मोजणारे उपकरण व एंजिन यांमधील रबरी नळ्यांना चिरा पडल्यास भरणदाब असताना मोजलेली हवा बाहेर निसटते. एंजिनाला मात्र पूर्ण हवेच्या हिशोबाने इंधन मिळते व मिश्रण समृद्ध होते. निष्कास नळीतील ऑक्सिजन संवेदक मंदावला, तरीही बहुधा हाच परिणाम होतो. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट एंजिन पुरेसे तापू देत नाही आणि नियंत्रक यंत्रणा थंड एंजिनाप्रमाणे जादा इंधन पुरवीत राहते. आवश्यक तेवढ्या ऑक्टेन अंकाचे पेट्रोल न वापरल्यास ठोके टाळण्यासाठी ठिणगी उशिरा द्यावी लागते व कार्यक्षमता घटते. घासून चालणारे ब्रेक, टायरांतील कमी हवा व चाकांची बिघडलेली दिशा हे दोष सर्वच गाड्यांत आढळतात. सर्वचक्र चालनात मात्र चारही टायर सारख्या परिघाचे असणे विशेष महत्त्वाचे असते. ते असमान असल्यास आसांच्या वेगांत सतत फरक राहून डिफरेन्शियल व जोड यांची झीज होते.

पुढील सुधारणा : या दोषांवरील उपाय टप्प्याटप्प्याने सापडले. ठोके ओळखून भरणदाब आपोआप कमी करणारी यंत्रणा साब कंपनीने १९८२ च्या गाड्यांत वापरली. त्यामुळे संपीडन गुणोत्तर वाढविता आले. क्वात्रोच्या १९८९ मधील वीस झडपांच्या एंजिनात ते ९·३ : १ पर्यंत गेले. त्याच वर्षी आउडीने १०० टीडीआय ही टर्बोभारित डीझेल गाडी आणली. डीझेल एंजिनात हवाच दाबली जाते व इंधन मागाहून फवारले जाते. त्यामुळे असे ठोके पडण्याच्या भीतीने संपीडन कमी करावे लागत नाही. टर्बोभरणातून काटकसर साधण्याचे ब्यूखी यांच्या काळापासूनचे उद्दिष्ट प्रवासी गाडीत प्रथम व्यापक प्रमाणात सफल झाले, ते डीझेल गाड्यांत.

पेट्रोल एंजिनाला ही संधी सु. २००५ नंतर मिळाली. इंधन थेट सिलिंडरात फवारल्याने आतील हवा थंड होते व टर्बोभरण असूनही १० : १ च्या आसपासचे संपीडन गुणोत्तर वापरता येते. प्रेषणाच्या बाजूने, गरजेपुरतीच मागील चाकांना शक्ती देणारे नियंत्रित क्लच १९९८ पासून प्रचारात आले. तर आउडीने २०१६ मध्ये मागील आसाकडे जाणारा दंडच गरज नसताना थांबविणारी रचना आणली. विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत प्रत्येक आसाला स्वतंत्र चलित्र असल्याने हा दंड लागतच नाही.

टर्बोभरण स्वतः इंधन वाचवीत नाही आणि वायाही घालवीत नाही. मोठ्या एंजिनाची जागा लहान एंजिनाने घेतली, तरच त्यातून बचत होते. मूळ क्वात्रोचे उत्पादन १९९१ मध्ये ११,४५२ गाड्यांनंतर थांबले. शिल्लक राहिलेल्या गाड्या आता मुख्यतः संग्राहकांकडे असून त्यांचे मूल्य इंधनव्ययावरून ठरत नाही. परंतु त्यांच्या उणिवांतून जे शिक्षण मिळाले, त्याचा लाभ आजच्या सामान्य टर्बोभारित गाडीला झालेला आहे.