मोजणाऱ्यांच्या घरात आलेला ऐकणारा

पेनी, निकेल, डाइम आणि क्वार्टर ही चार नाणी सहा वर्षांच्या मुलाला ओळखता यावीत, अशी १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीत अपेक्षा होती. कॅलिफोर्नियातल्या मुलाला ते सोपंच. पण तीच नाणी धारवाडच्या मुलापुढे मांडली, तर परीक्षा कशाची होणार, बुद्धीची की परदेशवारीची? मुंबई इलाख्यातल्या धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात हा पेच सोडवायला घेतला. कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ती चाचणी नव्याने बेतली. १९३४ साली त्यावरचा त्यांचा लेख इंग्लंडमधल्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० साली ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक. बिने-कामत नावाने ती चाचणी आजही वापरात आहे. नव्वद वर्षं टिकलेली शैक्षणिक वस्तू आपल्याकडे दुर्मीळच. फळ्याचाही आता स्मार्टबोर्ड झाला.

पुण्यातल्या बऱ्याच शाळांत आता ‘काउन्सेलर मॅडम’ची एक खोली असते. बहुधा ऑफिसला लागून किंवा जिन्याखाली. ही खोली शाळेत कुठून आली याचा माग काढत गेलं की पहिला पूर्वज भेटतो तो हा मोजणारा. मुलाचं ऐकून घेणारा माणूस या कुळात फार उशिरा जन्मला. शालेय समुपदेशनाचा पाया शिकायला आज जी मंडळी वर्गात येऊन बसतात, त्यांची निम्मी अडचण या जन्मक्रमातच आहे, असं मला वाटतं.

मोजणाऱ्यावर अन्याय नको. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली श्रेणी तयार केली ती कोणत्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मजात आणि अचल असते, हे त्यांना मान्य नव्हतं. तो शिक्का नंतर अमेरिकेत बसला. कामतांच्या कामातही मुलाला त्याच्याच भाषेत प्रश्न विचारावा हा साधा आदर आहे. मराठी मुलाच्या मनाशी मराठीतून, शिस्तशीर पद्धतीने बोलण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. मात्र प्रश्न ठरलेले, वेळ ठरलेली आणि उत्तराला गुण. मुलाला स्वतःचं काही सांगायचं असेल, तर त्याला त्या पेटीत कप्पा नव्हता.

दुसरा पूर्वज नोकरीच्या वाटेने आला. बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी उघडली आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांचं पुस्तक निघालं १९०९ मध्ये. स्वतःची पारख करा, कामांची माहिती घ्या, मग दोन्हींची सांगड घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय यांच्या नावाची मार्गदर्शन कचेरी निघाली, १९४७ मध्ये पारशी पंचायतीची, आणि १९५० च्या सुमारास मुंबई सरकारनेही तेच काम हाती घेतलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांमध्ये मार्गदर्शन अधिकारी आणि ‘करिअर मास्टर’ असावेत असं सुचवलं. कोठारी आयोग (१९६४-६६) जास्त व्यवहारी निघाला. प्रत्येक शाळेला समुपदेशक मिळणार नाही हे ओळखून त्याने दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक सुचवला. तोही बहुतेक शाळांपर्यंत फिरत आला नाही.

या शाखेचा आपल्याला आठवणारा शेवटचा मोठा आविष्कार म्हणजे दहावीची कलचाचणी. राज्य शिक्षण मंडळाचं मुख्यालय पुण्यात, आणि २०१६ साली ही चाचणी मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने राज्यभर संगणकावर घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य अशी सात क्षेत्रं, त्यात ‘गणवेशधारी सेवा’सुद्धा. मुलाचा कल छापील कागदावर घरी आला. तो कागद घेऊन बोलायला बसायचं कोणाशी, हा प्रश्न मात्र लाखो घरांनी आपापल्या परीने सोडवला. म्हणजे काकांना विचारलं.

तिसरा धागा दवाखान्याचा. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली समाजकार्याची जी शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, तिने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. डॉ. के. आर. मसानी तिथले मनोविकारतज्ज्ञ. इथे निदान मूल आणि आईबाप एका खोलीत बसत होते, घरची हकिगत विचारली जात होती. पण दवाखाना तो दवाखानाच. तिथे जायचं म्हणजे काहीतरी बिघडलंय हे आधी कबूल करायचं. शाळेतल्या खोलीबाहेर उभं राहायला मुलं आजही लाजतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

पुण्यात हे धागे एकत्र आले ते सदाशिव पेठेत. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि वा. कृ. कोठूरकरांच्या हाताखाली शहरात मानसशास्त्र शिकलेली माणसं तयार होऊ लागली. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. आप्पा स्वतः मानसशास्त्रज्ञ. त्यांना बुद्धिमान मुलं हुडकून समाजाच्या कामासाठी घडवायची होती. आधी वेगवेगळ्या शाळांतली मुलं शाळेबाहेरच्या वेळात येत, १९६९ मध्ये प्रशाला निघाली. मुलं हुडकायची तर मोजमाप आलंच. पण एका आयक्यूच्या आकड्यावर इथल्या मंडळींचं समाधान नव्हतं. जे. पी. गिलफर्ड यांनी बुद्धीचे एकशेवीस पैलू मांडले होते: पाच क्रिया, चार आशय आणि सहा फलिते यांचा गुणाकार. त्या प्रारूपावर प्रबोधिनीत चाचण्या बेतल्या गेल्या. डॉ. उषा खिरे यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. प्रज्ञा मानस संशोधिका हा तिथला मानसशास्त्राचा विभाग, आणि तिथून पुढे शालेय मानसशास्त्राचे, समुपदेशनाचे अभ्यासक्रमही निघाले.

प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेवर पुण्यात भरपूर बोललं गेलंय, बरंचसं बसलेल्यांकडून आणि त्याहून जास्त न बसलेल्यांकडून. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मानसशास्त्रज्ञ शाळेच्या आवारात रोज असणं, मधल्या सुट्टीत मुलांना दिसणं, हे या शहराने इथे फार लवकर पाहिलं. चाचणीने त्याला दार उघडून दिलं, आणि आत गेल्यावर त्याला कळलं की सगळे प्रश्न चाचणीचे नसतात. ज्याचे सगळे पैलू उत्तम आले तो मुलगाही रडतो.

आणखी एक दार अध्ययन अक्षमतेने उघडलं. वाचताना अक्षरं उलटसुलट होणाऱ्या मुलांना महाराष्ट्र सरकारने १९९६ साली परीक्षेत सवलती दिल्या. ‘तारे जमीं पर’ हा पाचगणीच्या न्यू इरा शाळेत चित्रित झालेला चित्रपट २००७ साली आला, आणि तोवर ‘आळशी’ म्हणून मार खाणाऱ्या मुलांचे पालक प्रमाणपत्रासाठी रांगेत उभे राहिले. जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट. समुपदेशक शाळेला हवासा वाटू लागला तो मोठ्या प्रमाणात या कागदांमुळे. पुन्हा मोजणं, पुन्हा रिपोर्ट.

मग ऐकणारा कुठून आला? कार्ल रॉजर्स यांच्याकडून. १९२८ पासून बारा वर्षं ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी अडचणीतल्या मुलांसोबत काम करत होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की नेमकं कुठे दुखतंय हे समोरच्यालाच ठाऊक असतं. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी सल्ला बाजूला ठेवला, आणि १९५७ साली बदलासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या: समुपदेशकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं. पुण्यात ही गोष्ट शिकवणं किती अवघड! या शहरात सल्ला मागावा लागत नाही, रिक्षात बसलं तरी मिळतो.

म्हणून पायाभूत वर्गातला पहिला धडा तोंड बंद ठेवण्याचा असतो. तिघांचा गट करतात: एक समुपदेशक, एक विद्यार्थी, एक निरीक्षक. निरीक्षकाने फक्त टिपायचं. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न किती आले? ‘अगं, एवढं काय त्यात’ कितीदा झालं? समोरची गप्प झाल्यावर शांतता किती सेकंद सोसवली? वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना हे सर्वांत जड जातं. त्यांच्या व्यवसायात शांतता म्हणजे उत्तर येत नाही, आणि उत्तर येत नसेल तर पुढच्या बाकाला विचारायचं असतं. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, त्यामागची भावना ओळखून बोलणं, हो-नाहीत न संपणारा प्रश्न विचारणं ही कौशल्यं कागदावर बाळबोध दिसतात. करायला गेलं की घाम फुटतो. पुण्यातली ‘कनेक्टिंग’ संस्था २००५ पासून आत्महत्या-प्रतिबंधाचं काम करते. तिच्या हेल्पलाइनवरचे स्वयंसेवक सल्ला न देता ऐकतात. ते कसब आहे, नुसता चांगुलपणा पुरत नाही.

शाळेत मात्र रॉजर्स जसेच्या तसे चालत नाहीत, आणि इथे पायाच्या अभ्यासक्रमात सर्वांत जास्त वाद झडायला हवेत. दवाखान्यात माणूस आपणहून येतो. शाळेत मुलाला वर्गशिक्षिका पाठवतात, बरेचदा सगळ्यांसमोर, ‘जा मॅडमकडे’ म्हणून. पगार शाळा देते, संमती पालक देतात, गुपित मुलाचं असतं. मग मुख्याध्यापकांनी ‘काय म्हणाला तो?’ विचारलं की काय सांगायचं? पहिल्याच भेटीत मुलाला त्याच्या भाषेत स्पष्ट करावं लागतं की तुझं बोलणं इथेच राहील, पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर पर्यायच ठेवला नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. ऐकणाऱ्याच्या कुळात हा नियम नव्हता. शाळेने आणि कायद्याने त्याला तो शिकवला. बरं झालं, असं माझं मत. मुलाला आधी न सांगता कळवणं मात्र विश्वासघातच ठरतो, म्हणून ते पहिलं वाक्य पाठ असावं लागतं.

आपण कुठे थांबायचं हेही पायातच येतं. नैराश्य, खाणं सोडणं, स्वतःला इजा करणं दिसलं की मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि पाठवल्यानंतर मुलाला सोडून द्यायचं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. कोठारींच्या दहा शाळांमागे एकापासून इथवर यायला एकोणसाठ वर्षं लागली. एवढी माणसं घाईघाईने तयार करायची म्हणजे अभ्यासक्रम आखूड होणार. आखूड अभ्यासक्रमात चाचण्या लवकर शिकवून होतात, त्यांची पुस्तिका असते, गुणांचा तक्ता असतो. तिघांच्या गटातला सराव लांबतो, त्याला शिकवणारा माणूस लागतो, म्हणून कात्री तिथेच चालायची शक्यता जास्त. ती चालू नये, याकडे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी लक्ष ठेवावं.

पालक काही मागे हटणार नाहीत. ते पीटीएमला येतात, मुलाने चार आठवड्यांत काय काय बोलून दाखवलं त्याचा मोघम अंदाज घेतात, मान डोलावतात, आणि उठताना विचारतात, “ते सगळं ठीक आहे मॅडम, पण रिपोर्ट कधी मिळेल?”